धाव आणि टिकाव

बैलगाडीच्या चाकावर लोहार जी लोखंडी पट्टी तापवून चढवतो, तिला आपल्याकडे धाव म्हणतात. नाव धाव, पण तिचे काम धावण्याचे नव्हे, टिकण्याचे. दगडधोंड्यांत लाकूड झिजू नये, आरे निखळू नयेत, एवढ्यासाठी ती असते. तिच्यामुळे गाडी वेगाने जाते असे कोणा शेतकऱ्याने म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सायकलच्या टायरचा इतिहास सांगण्यास आरंभ करताना आम्हांस प्रथम ही धाव आठवते. चाकाच्या कडेला काय लावावे, या प्रश्नाला टिकणारे आणि धावणारे अशी दोन उत्तरे आहेत, आणि ती फार दिवस एकमेकांशी भांडत आली आहेत. विषय किरकोळ वाटेल खरा. पण टायर घेण्यासाठी दुकानात उभा असलेला गृहस्थ नकळत याच भांडणाचा निवाडा करीत असतो, आणि बहुधा चुकीचा करतो. जे कठीण ते टिकाऊ, आणि जे कठीण तेच वेगवान, अशी त्याची समजूत असते. यांतली पहिली गोष्ट बरीचशी खरी आहे. दुसरी खरी नाही, हे कळण्यास माणसाला दीडशे वर्षे लागली.

वास्तविक ते १८४५ सालीच कळावयास हरकत नव्हती. त्या वर्षी रॉबर्ट विल्यम थॉमसन या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणाने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. आत रबर चढवलेल्या कापडाची नळी आणि वर चामड्याचे आवरण, अशी त्याची रचना होती. सायकल तेव्हा जन्मलीच नव्हती, म्हणून त्याने ती घोडागाडीला लावली. एक जोड बाराशे मैल चालूनही बिघडली नाही. पण रबर महाग होते, गिऱ्हाईक मिळेना, आणि ही कल्पना कागदपत्रांत पडून राहिली. पुढे १८६०-७० च्या दशकात पॅरिसमध्ये पायटे मारून चालवायची दुचाकी आली, तेव्हा तिच्या लाकडी चाकांवर लोखंडी धावच होती. इंग्रजांनी तिला हाडे खिळखिळी करणारी असे नाव दिले. मग भरीव रबर आले, पुढचे चाक पुरुषभर उंच झाले. आणि स्वार तोंडावर आपटू लागले.

१८८७-८८ च्या सुमारास बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप नावाचा गुरांचा डॉक्टर राहत असे. त्याच्या मुलाची तीनचाकी फरसबंद रस्त्यावर फार आदळे. डनलॉपने रबराच्या पत्र्याची नळी केली, ती लाकडी चकतीवर कापडाने आवळून ठोकली, आत हवा भरली, आणि अंगणात दोन चाके गडगडत सोडून दिली. तीनचाकीचे जुने चाक वाटेतच कलंडले. हवेचे चाक अंगण ओलांडून पलीकडे जाऊन आपटले. १८८८ साली त्याला पेटंट मिळाले. दोन वर्षांनी थॉमसनचे जुने कागद निघाले आणि ते रद्द ठरले. मधल्या काळात, १८ मे १८८९ रोजी, विली ह्यूम या स्वाराने बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर हे गुबगुबीत टायर लावून सायकलच्या चारही शर्यती जिंकल्या. ज्या टायरांना लोक हसत होते, तेच घ्यायला मग दुकानांत गर्दी लोटली.

मऊ चाक पुढे का जाते, हे येथे समजून घेतले पाहिजे. कठीण चाकाखाली खडा आला की सायकल आणि स्वार दोघांनाही क्षणभर उचलावे लागते, आणि ते श्रम पायांतून जातात. हवेचे चाक खडा पोटात घेते. मात्र ही सोय फुकट मिळत नाही. टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि पुन्हा फुलतो. दबताना घेतलेली सगळी शक्ती रबर परत देत नाही, काही भाग उष्णता होऊन वाया जातो. टायरचे कापड जितके तलम आणि रबर जितके पातळ, तितकी ही गळती कमी. पण तलम कापडात काटाही लवकर शिरतो! या विद्येतली सगळी गाठ एवढीच आहे.

ती सोडवण्याचा पहिला शहाणा प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. १८८९ साली क्लेरमाँ-फेराँ येथे मिशेलिन बंधूंच्या रबराच्या कारखान्यात एक सायकलस्वार पंक्चर झालेला टायर घेऊन आला. टायर रिमला चिकटवलेला होता. तो काढून सांधण्यास तीन तासांहून अधिक वेळ लागला, आणि पुढे रात्रभर वाळत ठेवावा लागला. दुसऱ्या दिवशी एद्वार मिशेलिनने सायकल चालवून पाहिली, तर टायर थोड्याच अंतरावर पुन्हा बसला. टायर न फुटणारा करता येत नसेल तर निदान तो झटपट सुटावा, हा विचार त्यातून निघाला. १८९१ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीत शार्ल तेराँ हा मिशेलिनचे सुटे टायर लावून सुमारे बाराशे किलोमीटर ७१ तास २२ मिनिटांत गेला आणि पहिला आला. पुढल्या वर्षी मिशेलिनने स्वतःच शर्यत भरवली आणि रस्त्यावर मुद्दाम खिळे टाकले, दुरुस्ती किती सोपी ते दिसावे म्हणून. जाहिरातीचा हा प्रकार आमच्या व्यापाऱ्यांना अजून सुचलेला नाही, हे रस्त्याचे भाग्य.

दुसरी सुधारणा कापडात झाली. साध्या विणीत उभा आणि आडवा धागा एकमेकांवर घासून तुटतो. पामर या अमेरिकनाने १८९२-९३ च्या सुमारास धागे न विणता एका दिशेने शेजारी शेजारी मांडले आणि वरचा थर तिरपा दिला. टायर हलका पळू लागला आणि टिकलाही अधिक. धाव व टिकाव एकाच युक्तीने साधल्याचे असे प्रसंग या इतिहासात थोडे आहेत.

या हौसेची खरी किंमत मात्र दुकानात दिली जात नव्हती. हवेच्या टायरमुळे रबराची मागणी एकाएकी वाढली, आणि ते रबर बव्हंशी रानातले. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी अमलाखालील काँगोत रबराच्या वेली ओरबाडण्यासाठी गावेच्या गावे वेठीस धरली गेली. ओलीस ठेवलेल्या बायका, जाळलेली घरे, तोडलेले हात यांची हकीकत रॉजर केसमेंटच्या अहवालाने १९०४ साली जगापुढे आली. १९०८ मध्ये राजाचा अंमल संपला. लवकर झिजणारा प्रत्येक टायर म्हणजे आणखी रबर, हे गणित रविवारी सहलीला निघणाऱ्या युरोपीय माणसाच्या मनात आले असेल असे वाटत नाही. सिलोन-मलायातील मळ्यांच्या रबराने १९१३-१४ च्या सुमारास रानच्या रबराला मागे टाकले. याच काळात टायर काळा झाला. त्यापूर्वी तो फिका असे. रबरात काजळी घोटली की ते कितीतरी कमी झिजते, हे लंडनच्या सिल्व्हरटाउन भागातील कारखान्यात १९०४ साली आढळले होते. दिव्याच्या काजळीने जे केले ते पुष्कळ नामांकित रसायनांना जमले नाही.

यानंतर पुन्हा जुनी समजूत बळावली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शर्यतीचे टायर अरुंद होत गेले, हवा दगडासारखी भरली जाऊ लागली. प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत पोलादी पिंपावर अशा टायरला खरोखरच कमी विरोध होतो. पण रस्ता म्हणजे पिंप नव्हे. खडबडीत रस्त्यावर हवा एका मर्यादेपलीकडे गेली की स्वाराचे अंगच हादरू लागते आणि मिळकतीपेक्षा खर्च वाढतो. २०१० नंतरच्या दशकात मातब्बर शर्यतपटूंनी २३ मिलिमीटर सोडून २५, मग २८ मिलिमीटर रुंदीचे टायर घेतले आणि हवाही उतरवली. थॉमसन हसला असता.

मग घ्यावे काय? ज्याच्या वाटेवर सराटे आणि बाभळीचे काटे आहेत त्याने तळाखाली अरामिड धाग्याची पट्टी असलेला टायर पाहावा; या जातीतला केव्हलर हा धागा स्टेफनी क्वोलेक या अमेरिकी विदुषीने १९६५ साली शोधला. पट्टीमुळे वेग थोडा जातो, तो जाऊ द्यावा. पंक्चर काढण्यात जाणारा वेळ त्याहून मोठा. १९२३ साली मुंबईहून निघून १९२८ मध्ये सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणाऱ्या हकीम, बापासोला आणि भूमगरा यांना टायरच्या वेगाविषयी विचारण्यात काय अर्थ होता? ज्याला शर्यतच करायची आहे त्याने बाजू तलम, लवचीक असलेला टायर घ्यावा आणि तो एका हंगामात संपेल हे आधीच धरून चालावे. रुंदी फ्रेममध्ये मावेल तितकी घ्यावी. हवा आपल्या वजनाच्या बेताने भरावी. फार कमी भरली तर खड्ड्यात रिमखाली ट्यूब चेचते. मागच्या चाकावर भार जास्त असल्याने मागचा टायर आधी झिजतो. तेव्हा नवा टायर पुढे बसवावा आणि पुढचा जुना मागे न्यावा, कारण उतारावर मागचा फुटला तर बहुधा सावरता येते, पुढचा फुटला तर सावरणे कठीण.