बंद दाराआडचा वर्ग : प्राध्यापकांनी प्राध्यापकांना शिकवले, त्याचा इतिहास (थ्रेड)

१/
संशोधकाचा निबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी त्याच विषयातील जाणकार तो तपासतात. मात्र तोच संशोधक वर्गाचे दार लोटून शिकवू लागला, की आत काय घडते हे त्याचे सहकारी सहसा पाहत नाहीत. विद्यापीठांनी ही विसंगती दीर्घकाळ निमूटपणे चालवून घेतली. ती मोडण्याचा एक मोठा प्रयत्न भौतिकशास्त्रज्ञांनी केला. त्याची ही हकीकत.

२/
शाळेत शिकवायचे तर शिक्षणशास्त्राची पदवी लागते. विद्यापीठात बहुधा विषयातील पदवी पुरते. आपल्याला जसे शिकवले गेले तसेच पुढे शिकवायचे, हीच परंपरा. १९६२ साली मिशिगन विद्यापीठाने अध्यापन सुधारण्यासाठी स्वतंत्र केंद्र काढले. अमेरिकेतील अशा प्रकारचे ते पहिले केंद्र मानले जाते. तरीही वर्गाचे दार बंदच राहिले.

३/
१९८५ साली ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील इब्राहिम हल्लून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. तीत आकडेमोड नव्हती. बल आणि गती यांविषयीच्या मूलभूत कल्पना तपासल्या जात. सत्र संपले तरी विद्यार्थ्यांच्या चुकीच्या धारणा फारशा हलल्या नव्हत्या. चार प्राध्यापकांच्या शिकवण्याच्या तऱ्हा भिन्न होत्या, पण निष्पत्ती जवळजवळ सारखीच.

४/
हे निबंध १९९० च्या सुमारास हार्वर्डच्या एरिक माझूर यांच्या वाचनात आले. विद्यार्थी त्यांच्यावर खूश होते, त्यामुळे आपल्या वर्गात असे होणार नाही अशी त्यांची खात्री होती. चाचणी सुरू होताच वर्गातून विचारणा झाली : उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहायची, की आम्हाला वाटते त्याप्रमाणे? त्या एका प्रश्नातच निकाल दडलेला होता.

५/
किचकट गणिते सोडवणारे विद्यार्थी साध्या प्रश्नावर अडखळत होते. जड ट्रक आणि हलकी मोटार आदळली, तर कोण कोणावर अधिक बल लावते? (उत्तर : दोन्ही बले समान.) समजावून थकलेल्या माझूर यांनी अखेर विद्यार्थ्यांना आपसांत चर्चा करायला सांगितले आणि गुंता सुटू लागला. त्यातून घडलेल्या पद्धतीवर त्यांचे पुस्तक १९९७ साली आले.

६/
पण एका वर्गातील शोध दुसऱ्या वर्गात कसा पोहोचावा? १९९६ पासून अमेरिकेतील भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्राच्या संघटनांनी नवनियुक्त प्राध्यापकांसाठी कार्यशाळा सुरू केल्या. शिकवणारे बाहेरचे शिक्षणतज्ज्ञ नव्हते. तोच विषय, तीच पाठ्यपुस्तके आणि तसेच भरगच्च वर्ग हाताळलेले अनुभवी सहकारी होते. त्यांच्या शब्दाला त्यामुळेच वजन होते.

७/
१९९८ साली रिचर्ड हेक यांनी ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडले. आरंभी जे समजत नव्हते, त्यापैकी नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी २३ टक्के समजले; विद्यार्थ्यांना विचार आणि चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. आता पुरावा भक्कम होता.

८/
मात्र पुराव्याने सवयी बदलतातच असे नाही. २००८ साली अमेरिकेतील ७२२ भौतिकशास्त्र प्राध्यापकांची पाहणी झाली. नव्या पद्धती वापरून पाहिलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांनी त्या पुढे सोडून दिल्या होत्या. कार्यशाळेने उमेद मिळे. पण परतल्यावर अडचण आली, तर विचारावे कोणाला?

९/
हा पेच कार्ल वायमन यांनी ओळखला होता. बोस-आइन्स्टाइन संघनन प्रत्यक्षात घडवल्याबद्दल त्यांना २००१ चे नोबेल विभागून मिळाले होते. पुढे कोलोरॅडो विद्यापीठात आणि २००७ पासून कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात त्यांनी मोठा उपक्रम उभारला. विषयात पारंगत आणि अध्यापनशास्त्रात तयार केलेले तरुण सहकारी त्यांनी थेट विभागांतच नेमले.

१०/
हे सहकारी प्राध्यापकाच्या शेजारी बसून प्रश्न रचत आणि वर्गात मागे बसून निरीक्षण करत. २०१३ साली निरीक्षणाचा एक तक्ताही प्रसिद्ध झाला : दर दोन मिनिटांनी शिक्षक काय करतो आणि विद्यार्थी काय करतात, एवढेच नोंदवायचे, चांगले-वाईट ठरवायचे नाही. काही ठिकाणी नवा आणि अनुभवी प्राध्यापक एकच वर्ग जोडीने शिकवू लागले. दार उघडले ते असे.

११/
२०११ साली याच विद्यापीठातील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका तुकडीला दीर्घ अनुभवाचे, विद्यार्थिप्रिय प्राध्यापक शिकवत होते. दुसरीला एक आठवडा नव्या पद्धतीत तयार झालेल्या, पण अनुभवाने कमी असलेल्या तरुणांनी शिकवले. नंतरच्या चाचणीत सरासरी गुण अनुक्रमे ४१ आणि ७४ टक्के. ज्येष्ठांच्या अभिमानाला हा निकाल बोचणाराच होता.

१२/
भारतातही हा विचार झाला होता. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने शैक्षणिक कर्मचारी महाविद्यालये सुरू केली. प्राध्यापकांचे उद्बोधन आणि उजळणी वर्ग तेथे होत आणि ते पदोन्नतीशी जोडलेले होते. देशव्यापी व्यवस्था उभी राहिली खरी. पण भर होता तो केंद्रात येऊन वर्ग पूर्ण करण्यावर. परतल्यावर शेजारी बसणारा सहकारी त्या रचनेत नव्हता.

१३/
यात पणाला काय लागले होते? २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित अध्यापनावरील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के विद्यार्थी नापास होत होते. सक्रिय सहभागाच्या वर्गांत २१.८ टक्के. म्हणजे शंभरांमागे बारा जण. हुशारी तीच, पाठ्यक्रम तोच. त्या बारा जणांचे भवितव्य बऱ्याच अंशी एका गोष्टीवर अवलंबून होते : त्यांच्या प्राध्यापकाने सहकाऱ्याला आपल्या वर्गात येऊ दिले की नाही.