फडणिसाची वही आणि कोतवालाचा दंडा

खोपोलीस बोरघाटाच्या पायथ्याशी नाना फडणिसांनी बांधविलेला तलाव आहे. घाट चढावयाचा किंवा उतरून आलेला वाटसरू पूर्वी तेथे विसावा घेई. आजच्या मोटारींना तेवढी उसंत नसते. नानांचे नाव काढले की आपणांस कारस्थानेच आठवतात. पण फडणीस हा मूळचा फर्दनवीस, म्हणजे याद्या लिहिणारा. मराठी राज्याचा जमाखर्च ज्याच्या नजरेखालून जाई, त्याच्याच हाती पुढे ते राज्य आले, यात मला तरी नवल वाटत नाही. ज्याची वही त्याची सत्ता!

आणि ह्याच नानांच्या अमदानीत पुण्याच्या कोतवालीवर घाशीराम होता. कोतवालाने रात्री गस्त घालावी, चोर धरावे, बाजारभावांवर आणि वजनमापांवरही नजर ठेवावी, असा तो हुद्दा. १७९१ साली त्याच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि खवळलेल्या लोकांनी घाशीरामास दगडांनी ठेचले. पेशवाईच्या वहीत पैचा हिशेब असे. कोठडीत कोंडलेल्या माणसांचा हिशेब मात्र कोणी विचारला नाही, तो लोकांनी रस्त्यावर घेतला.

ही जुनी कहाणी आता उकरण्याचे कारण असे की, आमच्या कर्जत-खालापुराकडची मुले हल्ली हीच दोन शास्त्रे शिकू लागली आहेत. कर्जतेस व खोपोलीस महाविद्यालये झाली. वाणिज्य शाखेतला मुलगा किर्द-खतावणी संगणकावर, टॅलीवर मांडतो. दुसऱ्याला गुन्ह्यांच्या तपासाची ओढ असते. मुंबईत कायद्याचे सरकारी शिक्षण १८५५ पासून आहे, आणि २००९ साली तेथे न्यायसहायक विज्ञानाची शासकीय संस्थाही निघाली. एकाला वाटते आपण आकडेमोड शिकतो, दुसऱ्याला वाटते आपण चोर धरावयास शिकतो. दोघे एकाच गाडीने जातात आणि एकमेकांची पुस्तके उघडूनही पाहत नाहीत.

वस्तुतः ह्या दोन विद्यांची गाठ कायद्यानेच मारून ठेविली आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात ३४ वे कलम होते. नियमाने ठेवलेल्या हिशेबवहीतली नोंद कोर्टापुढे येऊ शकेल, पण केवळ तेवढ्यावरून कोणावर देणे लादता येणार नाही, असा त्याचा आशय. हे कलम आले आणि तीनच वर्षांनी, १८७५ च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. कलमात शहाणपण होते. पण ज्याला वही वाचताच येत नाही, त्याने कोर्टात उभे राहून काय सांगावयाचे? १ जुलै २०२४ पासून तो जुना कायदा गेला आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या २८ व्या कलमात तेच तत्त्व कायम आहे, संगणकावरच्या हिशेबांनाही ते लागू आहे.

त्यातही १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांवर आणखी एक बंधन आले. हिशेबाची संगणकप्रणाली अशी हवी की, प्रत्येक नोंदीत केलेला प्रत्येक बदल तारखेसह तिच्यात आपोआप नोंदला जावा आणि ती सोय कोणाला बंद करता येऊ नये. पूर्वीचा लबाड कारकून पान फाडून नवे शिवी. आता फाडलेल्या पानाचीच नोंद राहते. मग सांगा, हे हिशेबाचे शास्त्र की तपासाचे?

ह्या दोन्ही विद्या एकाच माणसाच्या ठायी असल्या तर काय घडते, ते आमच्या तालुक्याने पाहिले आहे. माथेरानास १९१२ साली गरीब न्हावी कुटुंबात जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, आमचे भाई कोतवाल, शिकून वकील झाले. (आडनावाचा योगायोग पाहा!) वकिलीत पैसा होता, तरी त्यांनी सावकाराच्या दाराशी जाणाऱ्या शेतकऱ्यांसाठी धान्याची पेढी काढली. म्हणजे सावकाराच्या वहीसमोर दुसरी वही उघडली. पुढे १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. कायदा शिकलेल्या ह्या माणसाच्या मागे सरकारचे पोलीस लागले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात भाई व हिराजी पाटील गोळीबारात पडले. त्या मनोऱ्यांची गोष्ट आम्ही दरवर्षी सांगतो. धान्याच्या पेढीची फारशी कोणी सांगत नाही. मला तीच अधिक मोठी वाटते.

कारण जी वही भाईंना खुपली, ती अजून मिटलेली नाही. आमच्या डोंगरउतारांवर कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा वीटभट्टीचा किंवा कोळसाभट्टीचा मालक उचल देतो. त्याला 'अंगावर पैसे घेणे' म्हणतात. ते पैसे फिटेतो सारे कुटुंब भट्टीवर राबते. किती दिले, किती फिटले, हे मालकाच्या वहीत असते, आणि त्या वहीला २०२३ चा नियम लागत नाही, कारण ती खिशातली वही असते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. त्या कायद्याचे १५ वे कलम तर उलटे चालते: 'हे वेठीचे कर्ज आहे' असे मजुराने म्हटले, तर ते तसे नाही हे धनकोने सिद्ध करावयाचे. एवढे मोठे हत्यार, पण ते चालवावयास त्या वाडीत हिशेब मांडणारा एक आणि कलम जाणणारा एक, असे दोघे तरी लागतात. दोन्ही एकाच मुलीला येत असेल तर फारच बरे.

लक्ष्मीपूजनाला पेढीवरच्या नव्या वहीला हळदकुंकू लागेल. हल्ली कोठे कोठे संगणकालाही लागते. आणि दिवाळी सरताच वाडीतली बिऱ्हाडे डोक्यावर भांडी, काखेत पोरे घेऊन भट्टीच्या वाटेला लागतील, ती पावसाच्या तोंडाशी परततील. पोरांची शाळा मध्येच सुटेल. वाडीवर मागे राहतील म्हातारी माणसे आणि कुलूप नसलेली दारे.