परक्यांशी लढला, स्वकीयांशीही लढला : कोरियाचा कांग सांग-हो

'आधी स्वातंत्र्य, मग सामाजिक सुधारणा' हे तुणतुणे आम्हाला नवे नाही. १८९५ साली पुण्यात काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरू दिली गेली नाही, तिथपासून आम्ही ते ऐकतो आहोत. म्हणूनच जपानी गुलामीतल्या कोरियातील कांग सांग-हो या माणसाची ओळख आम्हाला आपल्या तरुणांना करून द्यावीशी वाटते.

कांगचा जन्म १८८७ साली दक्षिणेकडील जिंजू शहरात झाला. घराणे यांगबान, म्हणजे तिथला उच्चवर्ण. जमीनजुमला भरपूर. १९१० साली जपानने कोरिया गिळंकृत केला. १ मार्च १९१९ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला आणि देशभर लोक रस्त्यावर उतरले. जिंजूत १८ मार्चला आंदोलन पेटले. त्याच्या पुढाऱ्यांत कांग होता. त्याने तुरुंगवास भोगला. इथवरची कथा कुठल्याही देशभक्ताची असते. पुढची मात्र वेगळी आहे.

कोरियात बेकजोंग नावाचा अस्पृश्य समाज होता. जनावरे कापणे, कातडे कमावणे, टोपल्या विणणे हे त्याचे काम. वस्ती वेगळी. घोड्याच्या केसांची टोपी घालायला पुरुषांना बंदी. इतरांच्या पोरासोरांशीही वाकून बोलायचे. १८९४ च्या सुधारणांनी कायद्याने हे सारे रद्द केले, पण फक्त कागदावर! उलट जपानी राजवटीच्या कुटुंब नोंदवहीतही बेकजोंगांच्या नावापुढे कसायाची खूण राहिली. जांग जी-पिल हा बेकजोंग तरुण टोकियोत शिकून आला, तरी त्या खुणेने त्याची पाठ सोडली नाही. मुलांना शाळेची दारे बंदच होती.

एप्रिल १९२३ मध्ये जिंजूत जांग जी-पिल, कांग सांग-हो आणि सहकाऱ्यांनी ह्योंगप्योंगसा ही संघटना स्थापन केली. नावाचा अर्थ तराजूसारखी समता. तराजू हे कसायाचे रोजचे हत्यार. ज्या धंद्यावरून हिणवले, त्यातलेच प्रतीक त्यांनी मानाने मिरवले. अपमानकारक नावे रद्द करा, मुलांना शिक्षण द्या, नोंदवहीतली खूण पुसा, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

मग काय झाले? जपानी पोलिसांच्या आधी अंगावर धावून आले ते गावचेच शेतकरी! त्यांनी गोमांसावर बहिष्कार पुकारला आणि कांगला 'नवा बेकजोंग' म्हणून शिव्या घातल्या. १९२५ साली येचोन येथे जमावाने कार्यकर्त्यांवर हल्ले केले. परकीय सत्तेविरुद्ध कालपर्यंत खांद्याला खांदा लावणारा समाज, माणुसकीचा हक्क मागताच शत्रू झाला. हे आम्हाला ओळखीचे वाटते ना? त्याच १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव मंजूर झाला, पाणवठे खुले झाले, तेही कागदावरच. तो ठराव प्रत्यक्षात आणायला बाबासाहेबांना १९२७ साली महाडला जावे लागले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. ही चळवळ एकट्या कांगने उभी केली नाही. बेकजोंग स्वतः उठले, म्हणून ती उभी राहिली. कांगचा मोठेपणा उद्धारक होण्यात नाही. आपल्या जातीची शिवी खाऊनही तो त्यांच्या रांगेत उभा राहिला, यात त्याचा मोठेपणा आहे.

१९३५ मध्ये संघटनेचे नाव बदलले आणि तिची लढाऊ धार गेली. कांगची संपत्ती चळवळीत संपली. १९५७ साली तो गरिबीत वारला, तेव्हा अखेरचा निरोप द्यायला कसाई समाजाचे लोक आले. सरकारने २००५ साली त्याचा सन्मान केला, तो १९१९ च्या स्वातंत्र्य आंदोलनासाठी!

राष्ट्राला जपान्यांविरुद्धचा कांग आधी आठवला. आम्ही जातीविरुद्धचा कांगही लक्षात ठेवू. उद्या कोणी 'आधी देश, मग जात' म्हणाले, तर त्याला एवढेच विचारा : शेजाऱ्याला माणूस न मानणारा समाज कोणाच्या स्वातंत्र्यासाठी लढतो?