डोस्कं धरलं

तालमीत डोकं दुखत नसे, ‘धरत’ असे. १९६८ साली, पंधराव्या वर्षी मी गावाकडून कोल्हापूरच्या तालमीत राहायला आलो आणि आठवड्याभरातच माझं डोकं धरलं. पहाटे चारला उठायचं, फावड्यानं हौद खणायचा. ताक, हळद, तेल मुरलेली तांबडी माती भुसभुशीत झाली की जोर सुरू. शंभरेक जोर झाले की दोन्ही कानशिलांत नाडीच्या ठेक्यावर ठणका उठायचा. दुपारी उतरायचा, दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच.

सांगायची लाज वाटायची. शाहू महाराजांनी ज्या गावात तालमींना बळ दिलं, रोमचं जुनं क्रीडागार पाहून आल्यावर खासबागेचं मैदान बांधलं आणि १९१२ साली ते कुस्तीला खुलं केलं, त्या गावात डोकं दुखतं म्हणून हौदाबाहेर बसायचं कसं?

वस्तादांनी न सांगताच ओळखलं. एका पहाटे ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि जोर चालू असताना नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. माझे ओठ मिटलेले, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या.

“आरं, दम कोंडून मारतोयस न्हवं? दम सोडत जा, मग डोस्कंबी सोडंल.”

आठ दिवस त्यांनी मला चाळीसच जोर मारू दिले. मग रोज पाच वाढवले. महिन्याभरात डोकं सुटलं ते सुटलंच. श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाब चढतो आणि डोक्यातलं रक्त शिरांवाटे खाली परतताना अडतं, हे मला पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरांकडून कळलं.

या दुखण्याचा माग मी पुढे हौसेनं काढला. आयुर्वेदानं व्यायाम अर्ध्या शक्तीनंच करायला सांगितला आहे. अतिव्यायामानं काय काय होतं, याची यादी चरकसंहितेत आहे: थकवा, तहान, खोकला, ताप, ओकारी. त्यात डोकेदुखी नाही. ती सापडते शिरोरोगाच्या अध्यायात. वातामुळे डोकं दुखण्याच्या कारणांत तिथं ओझं वाहणं आणि फार चालणं सांगितलं आहे. म्हणजे मल्लाआधी हमाल आणि वाटसरू यांचं डोकं वैद्यांच्या नजरेत भरलं. मला हे वाचून फार बरं वाटलं.

पाश्चात्त्य वैद्यकात फ्रान्सच्या ज्यूल तिनेल यांनी १९३२ साली जोर लावल्यानं उठणाऱ्या डोकेदुखीचं वर्णन केलं. आणि मी हौदात जोर मारत होतो त्याच १९६८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रूक यांनी असे १०३ रुग्ण तपासून त्यांचा निबंध प्रसिद्ध केला. बहुतेकांचं दुखणं निरुपद्रवी होतं. दहा जणांच्या डोक्यात मात्र खरोखरच काही बिघाड निघाला.

ते दहा वाचताना मला आमच्यातला एक गडी आठवला. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, अंगानं दुप्पट. लढतीत जोडीदाराला उचलता उचलता त्यानं एकाएकी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि मातीतच बसला. ओकारी झाली, मान आखडली. आम्ही त्याच्या टाळूवर तेल थापलं, थंडाई पाजली, अंधाऱ्या खोलीत निजवलं. माझं डोकं तसंच धरायचं ना! दवाखान्यात नेलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. डोक्यात रक्त फुटलं होतं. जीव वाचला, पण डावा हात गेला. त्याचे वडील बैलगाडीतून न्यायला आले, तेव्हा वस्ताद गाडीच्या चाकाशी उभे होते. कोणाशी बोलले नाहीत.

त्यानंतर तालमीत एक नवी रीत पडली. कुणाचंही डोकं धरलं की तेलाची बाटली उघडायच्या आधी वस्ताद त्याला समोर बसवत, त्याची हनुवटी छातीला टेकते का ते स्वतःच्या हातानं पाहत आणि विचारत, “सावकाश चढलं, का एकदम?” ‘एकदम’ म्हणणाऱ्याला तसाच, मातीच्या अंगानं, टांग्यात घालून दवाखान्यात नेत.