नौका ओढणारी जुनी मोटारगाडी

ट्रेलरवर चढविलेली क्रीडानौका घरापासून पाण्याच्या काठापर्यंत ओढून नेण्यासाठी निवडलेली वापरलेली मोटारगाडी. खास या कामासाठी असे वाहन कारखान्यात सहसा तयार होत नाही. कुटुंबाच्या प्रवासासाठी, शेतकामासाठी वा मालवाहतुकीसाठी बनविलेल्या गाडीने उत्तरायुष्यात पत्करलेले हे काम होय. ते सर्वाधिक प्रमाणात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ झाले. तेथील मध्यम व कामगार वर्गांना नौकाविहार आणि हौशी मासेमारी परवडू शकली, ती बऱ्याच अंशी अशा गाड्यांमुळे. १९७३ पर्यंत ही निवड फारसा विचार न करताही साधत असे. त्यानंतर मात्र ती हिशेबाची व सावधगिरीची बाब बनली.

पूर्वपीठिका : मोटारगाडीच्या आगमनापूर्वी नौका बाळगणारा माणूस बहुधा पाण्याच्या काठीच राहत असे, किंवा काठावर नौकाघर भाड्याने घेत असे. दोन गोष्टींनी ही परिस्थिती पालटली. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ ही स्वस्त गाडी १९०८ मध्ये बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी मिलवॉकी येथे ओल एव्हिन्रूड (१८७७–१९३४) या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने नौकेच्या पाठीस अडकविता येणारे एंजिन विक्रीस आणले. ते जेमतेम दीड अश्वशक्तीचे होते; पण त्याचे वजन सुमारे २८ किग्रॅ. असल्याने एकट्या माणसाला ते उचलून नेता येई. हलकी लाकडी होडी, हे एंजिन आणि मोडीत निघालेल्या गाडीचा आस व चाके वापरून घरीच जोडलेला ट्रेलर एवढ्या सामग्रीवर मिनेसोटा, विस्कॉन्सिन व मिशिगन या सरोवरांच्या प्रदेशांतील माणूस सुटीच्या दिवशी पाण्यावर जाऊ लागला. असा भार वीस अश्वशक्तीची मॉडेल टी गाडीही सपाट रस्त्यावर सावकाश ओढू शके.

दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदाचा विस्तार झाला. टेनेसी खोरे प्राधिकरण (स्थापना १९३३), लष्कराचे अभियंता दल व इतर शासकीय यंत्रणा यांनी बांधलेल्या धरणांमुळे समुद्रापासून शेकडो किमी. दूर असलेल्या प्रांतांतही विस्तीर्ण जलाशय निर्माण झाले. कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणात १९६३ पासून पाणी साठू लागले व वाळवंटी प्रदेशात लेक पॉवेल हा प्रचंड जलाशय अस्तित्वात आला. १९५६ च्या महामार्ग अधिनियमाने आंतरराज्य रस्त्यांचे जाळे विणण्यास प्रारंभ झाला. नौकाही बदलल्या. काचतंतू व रेझीन यांच्या मिश्रणातून साच्यावर ओतलेल्या नौका लाकडी नौकांप्रमाणे वाळून फटी पडत नसल्याने त्या आठवडाभर घराच्या अंगणात ट्रेलरवर उभ्या ठेवता येत. धक्क्यावरील जागेचे वार्षिक भाडे त्यामुळे वाचे. या बचतीतच सर्व प्रकरणाचे अर्थकारण आहे. धक्क्याला द्यावयाचे पैसे वाचले, पण नौकेचा भार मात्र मोटारगाडीच्या माथी आला.

त्या काळच्या अमेरिकन गाडीला हा भार जड नव्हता. १९५०–७० या काळातील मोठ्या आकाराच्या गाडीचा साटा स्वतंत्र पोलादी सांगाड्यावर बसविलेला असे. पुढे आठ सिलिंडरांचे एंजिन, मागच्या चाकांना गती आणि लांबरुंद बैठक अशी तिची रचना असे. फोर्डची ‘कंट्री स्क्वायर’ ही स्टेशन वॅगन, १९३५ पासून विकली जाणारी शेव्हरोलेची ‘सबर्बन’, इंटरनॅशनल हार्व्हेस्टरची ‘ट्रॅव्हलऑल’ (१९५३–७५) अशा गाड्या पाचसहा वर्षे वापरल्यावर थोड्या किंमतीत मिळत व त्यांच्या सांगाड्याला जोड वेल्ड करून किंवा बोल्टांनी आवळून नौका ओढणे हे गावच्या गॅरेजमधील नित्याचे काम होते. किती भार ओढावा याचा विचार क्वचितच होई. गाडीच इतकी भक्कम होती, की अज्ञान बहुधा खपून जाई.

वजनाचा हिशेब : नौका फसवी असते, ती वजनाच्या बाबतीत. विक्रीपत्रकात दिलेले वजन बहुधा कोरड्या नौकेचे असते. ट्रेलर, इंधन, विद्युत् घट, नांगर, दोर, शीतपेटी व मासेमारीचे साहित्य त्यात धरलेले नसते. ५ मी. लांबीची ॲल्युमिनियमची होडी एंजिन व ट्रेलर यांसह सु. ५०० ते ७०० किग्रॅ. भरते आणि साधारण गाडीलाही ती झेपते. पण व्होल्व्हो पेंटा कंपनीने १९५९ मध्ये एंजिन नौकेच्या आत व पंखा बाहेर अशी रचना बाजारात आणली. मर्क्युरी कंपनीने १९६१ मध्ये तिचे अनुकरण केले. त्यानंतर पाच-साडेपाच मी. लांबीच्या कुटुंबनौकेत मोटारगाडीच्या तोलाचे जड एंजिन आले. अशी काचतंतूची नौका, ट्रेलर व सामान मिळून भार १,७०० किग्रॅ. च्या आसपास सहज जातो. म्हणून जाणकार माणूस आधी नौका सामानासह सार्वजनिक वजनकाट्यावर नेतो आणि मग गाडी पाहण्यास निघतो; प्रत्यक्षात पुष्कळ लोक नेमके उलट करतात.

एकूण भाराइतकाच महत्त्वाचा, ट्रेलरच्या दांड्याने गाडीच्या मागील टोकावर दिलेला दाब होय. तो साधारणतः एकूण भाराच्या १० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. नौकांच्या ट्रेलरांना काही उत्पादक त्याहून कमीही चालवितात. तो फार कमी असल्यास ट्रेलर वेगात असताना शेपटीसारखा डोलू लागतो व गाडीलाही बरोबर ओढतो. फार जास्त असल्यास मागचे पाटे दबून पुढची चाके हलकी होतात, सुकाणू व ब्रेक यांची पकड सुटते. वरील उदाहरणात हा दाब सु. १७० किग्रॅ. होतो. दोन प्रौढ माणसे मागील आसाच्याही पलीकडे, बंपरवर बसावीत, तसा हा प्रकार आहे. गाडीत माणसे व सामान वाढले की ओढण्याची मर्यादा तितकीच खाली येते, हेही पुष्कळदा लक्षात घेतले जात नाही.

१९७३ नंतरचे स्थित्यंतर : १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेच्या काँग्रेसने १९७५ मध्ये ऊर्जा धोरण व संधारण अधिनियम संमत केला. त्यानुसार प्रत्येक उत्पादकाच्या प्रवासी गाड्यांची सरासरी १९८५ पर्यंत गॅलनला २७·५ मैल (लिटरला सु. ११·७ किमी.) व्हावयाची होती. जनरल मोटर्सने १९७७ मध्ये मोठ्या गाड्यांचे वजन सु. ३०० किग्रॅ. नी घटविले, १९७९ मध्ये शेव्हरोले ‘सायटेशन’, १९८५ च्या अखेरीस फोर्ड ‘टॉरस’ या पुढच्या चाकांना गती देणाऱ्या व वेगळा सांगाडा नसलेल्या गाड्या आल्या. कुटुंबाला त्या सोयीच्या होत्या, नौकेला नव्हत्या. नौका पाण्यातून वर काढताना गाडी ओल्या, शेवाळलेल्या उतारावर तोंड वर करून उभी असते. भार मागच्या चाकांवर कलतो आणि नेमकी ओढणारी पुढची चाके हलकी होऊन घसरतात. ज्या गाड्यांनी पूर्वी हे काम केले होते, त्यांची परंपरा क्षीण होत गेली : कंट्री स्क्वायर १९९१ मध्ये, तर शेव्हरोले ‘कॅप्रिस’ व ब्यूइक ‘रोडमास्टर’ या सांगाड्यावरील शेवटच्या मोठ्या स्टेशन वॅगन १९९६ मध्ये बंद झाल्या.

त्यांची जागा घेणारे वाहन त्याच कायद्याच्या फटीतून आले. हलक्या मालमोटारींना इंधनाचे वेगळे व सौम्य मानक लागू होते. त्यामुळे मालमोटारीच्या वर्गात मोडणारी, पण कुटुंबाने वापरावयाची गाडी बनविणे उत्पादकांना लाभदायक ठरले. जीप ‘चेरोकी’ १९८४ च्या मालिकेत आली व १९८७ पासून तिला चार लिटरचे सहा सिलिंडरी एंजिन मिळाले. स्वतंत्र सांगाडा नसतानाही योग्य साधनांसह ती ५,००० पौंड (सु. २,२७० किग्रॅ.) ओढू शके. १९९० मध्ये फोर्ड ‘एक्स्प्लोरर’ आली. कमी पैशांत नौका ओढू पाहणाऱ्यांनी १९९० नंतरच्या काळात याच जातीच्या जुन्या गाड्यांचा व मालमोटारींचा आश्रय घेतला. कायदा करणाऱ्यांच्या मनात नौका नव्हत्या, पण जुन्या गाड्यांच्या बाजाराला वळण लावले ते याच कायद्याने.

गाडीचे नाव मात्र पुरेसे नसते. एकाच नावाच्या, एकाच वर्षाच्या व एकाच एंजिनाच्या दोन गाड्यांची ओढण्याची मर्यादा बरीच वेगळी असू शकते. इंधन वाचविण्यासाठी मागील आसाच्या दंतचक्रांचे गुणोत्तर कमी ठेवले, समजा २·७३, तर एंजिनाची ओढ चाकांपर्यंत पोचताना तोकडी पडते. ३·७३ गुणोत्तराच्या गाडीला तोच भार सुकर वाटतो. हे गुणोत्तर बाहेरून दिसत नाही, दाराजवळच्या वा अन्य ठिकाणच्या पट्टीवरील संकेतांकावरून ते ओळखावे लागते. तेल थंड करणारी जादा जाळी, मोठा रेडिएटर व भक्कम पाटे ‘ओढणी संच’ म्हणून मूळ ग्राहकाने घेतले होते की नाही, हेही तसेच पाहावे लागते.

ओढण्याच्या कामाची खरी झीज गाडीच्या पोटात साठते. १९४० च्या मालिकेतील ओल्ड्समोबील गाड्यांपासून अमेरिकेत स्वयंचलित गिअरबॉक्सचा प्रसार होत गेला. पुढे बहुतेक अशा गिअरबॉक्समध्ये एंजिनाची शक्ती तेलाच्या माध्यमातून पुढे जाऊ लागली. चढावर जड भार असता हे तेल तापते, त्याचा लाल रंग तपकिरी होतो व त्याला करपट वास येऊ लागतो. सांध्यावरील तेलमापी सळई बाहेर काढून हुंगणे ही परीक्षा कोणत्याही उपकरणापेक्षा स्वस्त आहे. क्लचच्या गाडीत पाण्याच्या उतारावर वारंवार घासलेला क्लच हीच उणीव वेगळ्या रूपाने दाखवितो. खाऱ्या पाण्यालगत वापरलेल्या गाडीत सांगाडा, ब्रेकच्या नळ्या आणि जोडाचे बोल्ट गंजतात, तेव्हा गाडीखाली निजून पाहण्यास पर्याय नाही. मागे आधीच जोड बसविलेली गाडी स्वस्त मिळाली म्हणून अनेकांना आनंद होतो; प्रस्तुत लेखकाच्या मते तो जोड सोयीपेक्षा इतिहासाचा पुरावा म्हणून वाचावा. त्या गाडीने काय ओढले, हे विचारल्यावाचून तिची किंमत ठरत नाही.

विक्रेता, ग्राहक व कायदा : विक्रेत्याला गाडीची जी खोड माहीत असते, ती ग्राहकाला माहीत नसते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये ‘द मार्केट फॉर लेमन्स’ या निबंधात जुन्या गाड्यांच्या याच उदाहरणावरून दाखविले, की अशा बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकून लावतो. कारण ग्राहक सरासरी दर्जाचीच किंमत देऊ करतो आणि चांगल्या गाडीचा धनी मग ती विकावयासच काढीत नाही. तीन नियतकालिकांनी नाकारलेल्या या निबंधात ग्रामीण भारतातील सावकारी कर्जाचेही उदाहरण आहे, हे मराठी वाचकाने लक्षात घेण्याजोगे आहे. ॲकरलॉफ यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक अन्य दोघांसह विभागून मिळाले.

कायद्याने या अज्ञानावर तुटपुंजा उपाय केला. अंतरमापकाचे आकडे मागे फिरविणे १९७२ मध्ये संघीय अपराध ठरले. संघीय व्यापार आयोगाने १९८१ मध्ये विक्रेत्यास ज्ञात असलेले दोष जाहीर करण्याची सक्ती करणारा नियम तयार केला होता. विक्रेत्यांच्या दबावानंतर काँग्रेसने तो १९८२ मध्ये फेटाळला. काँग्रेसचा असा नकाराधिकार १९८३ मध्ये न्यायालयात टिकला नाही, तरी आयोगाने १९८४ च्या अंतिम नियमातून दोष सांगण्याचे कलम गाळले. १९८५ पासून गाडीच्या काचेवर हमी आहे, की गाडी ‘आहे तशी’ विकली जात आहे, एवढे सांगणारे पत्रक लावणे बंधनकारक झाले. करपलेल्या गिअरबॉक्सविषयी ते पत्रक काही बोलत नाही.

नवीन गाड्यांच्या जाहिरातींतील ओढण्याचे आकडेही दीर्घकाळ प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने ठरवीत असे. मोटारगाडी अभियंत्यांच्या संस्थेने २००८ मध्ये त्यासाठी समान मानक प्रसिद्ध केले. त्यातील एक कसोटी ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळच्या सु. १८ किमी. लांबीच्या चढावर बेतलेली आहे : सु. ३८° से. उष्णतेत, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, गाडीचा वेग ताशी ६४ किमी. च्या खाली जाता कामा नये. टोयोटाने २०११ च्या मालिकेपासून हे मानक प्रथम अवलंबिले, इतर कंपन्या मागाहून आल्या. त्यापूर्वीच्या गाडीचा छापील आकडा म्हणून काहीशा संशयानेच वाचणे इष्ट.

ब्रिटनमध्ये ट्रेलर ओढताना द्रुतगती मार्गांवरही ताशी ६० मैलांची (सु. ९७ किमी.) मर्यादा असल्याने तुलनेने लहान गाड्या या कामी लावतात. १९९७ पासून नव्या परवानाधारकांस जड ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. ती अट डिसेंबर २०२१ मध्ये रद्द झाली.

अमेरिकेत जुन्या दणकट गाड्यांचा साठा शासकीय धोरणानेही घटला. २००९ च्या उन्हाळ्यात अधिक इंधन खाणाऱ्या गाड्या मोडीत देणाऱ्यांना नव्या खरेदीवर ३,५०० ते ४,५०० डॉलर सवलत देण्यात आली. सु. ६ लक्ष ७७ हजार गाड्या जमा झाल्या व त्यांच्या एंजिनांत सोडियम सिलिकेटचा द्राव ओतून ती कायमची निकामी करण्यात आली. सर्वांत अधिक संख्येने आलेली गाडी चार चाकांना गती देणारी फोर्ड एक्स्प्लोरर होती, म्हणजे अनेक नौका ओढणारी गाडीच. २०२१ मध्ये अर्धवाहक घटकांच्या टंचाईमुळे नव्या गाड्या दुर्मिळ होऊन जुन्यांचे भाव एकाएकी चढले, तेव्हा मोठी नौका बाळगणाऱ्यांपैकी काहींना गाडी बदलण्याऐवजी नौकाच लहान करणे परवडले.