ओटो रेहागेल आणि बचावाची विद्या

इतिहासाचा एक जुना दोष असा कीं, जें घडलें त्याचीच तो नोंद ठेवतो. जें कोणी घडूं दिलें नाहीं, त्यास त्याच्या वहींत जागा नसते. गड घेणाऱ्याचें नांव बखरींत येतें. पण ज्याच्या जागत्या पहाऱ्यामुळें शत्रू त्या वाटेस फिरकलाच नाहीं, त्या किल्लेदाराचें नांव सांगणारा विरळा. फुटबॉलमधील बचाव करणाऱ्या गड्याची दशा हीच आहे. गोल करणारास लोक खांद्यावर घेऊन नाचतात. न झालेला गोल मात्र कोणाच्याच खात्यावर जमा होत नाहीं.

ओटो रेहागेल याचा जन्म इ. स. १९३८ मध्यें जर्मनीच्या कोळसाखाणींच्या मुलुखांत, एसेन शहरीं झाला. तो शिकला तो धंदा रंगाऱ्याचा. खेळाडू म्हणून त्याची गणना मध्यम प्रतींतच करावी लागेल. एसेन, बर्लिनचा हेर्टा, कायझर्सलाउटर्न असे त्याचे मुक्काम झाले. १९६३ सालीं ‘बुंडेसलिगा’ ही राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली, तेव्हां पहिल्याच हंगामांत तो हेर्टाच्या बचावफळींत होता, आणि पुढें त्या स्पर्धेंत २०० हून अधिक सामने खेळला. जर्मनीच्या मुख्य राष्ट्रीय संघांत मात्र तो कधींच खेळला नाहीं.

१९७२ पासून त्यानें प्रशिक्षकाचा पेशा धरला. प्रारंभीं एका संघांतून दुसऱ्या संघांत अशी त्याची वणवण चालली होती. अशांत २९ एप्रिल १९७८ हा दिवस उजाडला. ड्युसेलडॉर्फच्या क्रीडांगणावर म्योन्शेनग्लाडबाखनें त्याच्या डॉर्टमुंड संघावर एकामागून एक १२ गोल केले. डॉर्टमुंडचा एकही नाहीं! जन्मभर गोल अडविण्याचें काम केलेल्या माणसाच्या वांट्यास याहून क्रूर थट्टा कोणती यावी? बुंडेसलिगांतील सर्वांत मोठा पराभव म्हणून तो सामना आजही दाखविला जातो. रेहागेलची नोकरी तर गेलीच; पण वृत्तपत्रांनीं त्याच्या नांवाची मोडतोड करून त्यास ‘टोरहागेल’, म्हणजे गोलांच्या गारांचा पाऊस, अशी पदवी बहाल केली.

येथेंच त्याचें चरित्र संपावयाचें. तें संपलें नाहीं, याचें श्रेय त्याच्या चिवटपणास दिलें पाहिजे. दोनच वर्षांनीं त्याच ड्युसेलडॉर्फच्या संघास त्यानें जर्मन चषक मिळवून दिला, आणि १९८१ सालीं तो ब्रेमेनच्या वेर्डर संघाकडे आला तो पुरीं चौदा वर्षें तेथेंच राहिला. १९८८ सालीं वेर्डरनें राष्ट्रीय विजेतेपद पटकाविलें, तेव्हां ३४ सामन्यांत मिळून त्यांच्यावर अवघे २२ गोल झाले होते. एका दुपारीं १२ आणि एका वर्षांत २२! १९९३ सालीं विजेतेपद पुन्हां वेर्डरकडे आलें.

पुढें म्यूनिकच्या धनाढ्य बायर्न संघानें त्यास बोलाविलें; पण तेथें नामांकित खेळाडूंच्या मांदियाळींत त्याचें जमेना, आणि १९९६ च्या एप्रिलमध्यें त्यास जावें लागलें. मला तर हें स्वाभाविक वाटतें. त्याची विद्या टंचाईची. तुटपुंज्या सामग्रीवर संसार चालविणाऱ्या गृहिणीस राजवाड्याचा मुदपाकखाना सोंपवावा, तशांतला तो प्रकार. लागलीच त्यानें दुसऱ्या वर्गांत घसरलेलें कायझर्सलाउटर्न हातीं घेतलें, वर आणलें, आणि १९९८ सालीं राष्ट्रीय विजेतेपदावर नेऊन बसविलें. नुकत्याच वर चढलेल्या संघानें बुंडेसलिगा जिंकल्याचें दुसरें उदाहरण नाहीं.

२००१ सालीं तो ग्रीसचा प्रशिक्षक झाला. महत्त्वाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ग्रीसनें तोंवर एकही सामना जिंकला नव्हता. १९९४ च्या विश्वचषकांत तर तीन सामन्यांत १० गोल खाऊन ते हात हलवीत परतले होते. रेहागेलचा पहिलाच सामनाही फिनलंडनें ५–१ असा जिंकला. अशा संघाकडून त्यानें जुनी, बहुतेकांनीं टाकून दिलेली पद्धत गिरवून घेतली: प्रतिपक्षाच्या एकेका माणसामागें आपला एकेक गडी सावलीसारखा लावावयाचा, आणि सर्वांच्या मागें एक मोकळा राखणदार ठेवावयाचा. २००४ च्या युरोपीय स्पर्धेंत फ्रान्स, चेक प्रजासत्ताक आणि अंतिम सामन्यांत यजमान पोर्तुगाल, या तिघांसही ग्रीसनें १–० असें हरविलें. तिन्ही गोल डोक्यानें मारलेले. फ्रान्सच्या थिएरी हेन्रीस सैतारिदिसनें असें जखडलें कीं, त्याचें तेज दिसलेंच नाहीं.

या विजयानें खेळाचें सौंदर्य लोपलें, असा आक्रोश अनेक टीकाकारांनीं केला. ग्रीसचा खेळ नेत्रसुखद नव्हता, हें मलाही मान्य आहे. सर्वांनींच तसें खेळावें असें मी म्हणणार नाहीं. पण सौंदर्याची ही अट दुर्बळास घालणें म्हणजे बलवानानें आपल्या सोयीचा कायदा करण्यासारखें आहे. ज्यांच्यापाशीं हेन्री नाहीं, त्यांनीं काय शोभिवंत रीतीनें हरत राहावें? अथेन्सच्या लोकांस तरी तसें वाटलें नाहीं. त्यांनीं हेराक्लीस या आपल्या पुराणवीराशीं त्याचें नांव जोडून त्यास ‘रेहाक्लीस’ म्हटलें.

२०१० च्या विश्वचषकांत नायजेरियावर ग्रीसचा त्या स्पर्धेंतील पहिला विजय नोंदवून त्यानें तें पद सोडलें. दोन वर्षांनीं, वयाच्या ७३ व्या वर्षीं, संकटांत सांपडलेल्या हेर्टानें आपल्या या जुन्या बॅकला हांक मारली. या वेळीं मात्र बांध फुटला. हेर्टा दुसऱ्या वर्गांत गेला. शेवटचा निर्णायक सामना झाला तो ड्युसेलडॉर्फ येथें. १९७८ सालचें तें क्रीडांगण तोंवर पाडलें गेलें होतें, आणि त्याच जागीं नवें उभें राहिलें होतें.