‘देवाला सोडणे’ : एका शब्दप्रयोगाचा सामाजिक इतिहास

म्हसळा हे गाव 1948 पर्यंत जंजिरा संस्थानात होते. संस्थानाच्या हद्दीबाहेर कुलाबा जिल्ह्याचा मुलूख मुंबई प्रांताच्या अमलाखाली असे. भाषा, दैवते, जत्रा आणि जागरणे दोन्हीकडे सारखीच. परंतु प्रांताच्या विधिमंडळाने केलेला कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे. मुलीला देवाला वाहण्याच्या रूढीस मुंबई प्रांताने 1934 मध्ये बंदी केली, ती बंदीही या नियमास अपवाद नव्हती. अल्पवयीन मुलींच्या संरक्षणाचा इतिहास पाहताना कायदा कोठवर पोचला याबरोबरच तो होईपर्यंत भाषेने काय झाकून ठेवले होते, हाही प्रश्न विचारावा लागतो.

‘मुलगी देवाला सोडली’ हे मराठीतील जुने वाक्य आहे. अपत्य व्हावे, झालेले जगावे, रोग हटावा, यासाठी आईबाप नवस बोलत आणि मुलगी वयात येण्यापूर्वीच खंडोबाशी तिचे लग्न लावून नवस फेडीत. भंडारा उधळला जाई, गळ्यात कवड्यांचा गाठा पडे आणि ती मुरळी होई. व्याकरणदृष्ट्या या वाक्यातील क्रियापद मुलीच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, परंतु मुलगी कर्मच राहते. ‘सोडलेली’ हे कृदन्त वापरले म्हणजे सोडणारा बापही दृष्टीआड होतो. पुढे ज्या पुरुषाला तिचा देह उपलब्ध होई, त्याला तर या वाक्यात मुळीच स्थान नाही. जे घडले ते धर्मकृत्य होय, एवढेच वाक्य सांगते.

मुरळी ही केवळ देवाची सेविका नव्हती. वाघ्याच्या दिमडी-तुणतुण्याच्या साथीवर हाती घाटी घेऊन ती रात्रभर गाई व नाचे. जागरण हा विधी होता, तद्वतच ते गावाचे रंजनही होते. रंजनातून येणारे उत्पन्न आणि विवाहाची बंद झालेली वाट, या दोहोंच्या योगाने तिचे शोषण सुकर झाले. पेशा आणि अत्याचार यांच्यातील सीमा पुसली गेली, कारण दोहोंची सुरुवात एकाच बालवयातील विधीने होई.

1860 च्या दंडसंहितेतील 372 व 373 या कलमांनी अल्पवयीन व्यक्तीस वेश्याव्यवसायासाठी देणे व घेणे हे गुन्हे ठरविले. प्रारंभी ही वयोमर्यादा सोळा वर्षांची होती. ती 1924 मध्ये अठरा झाली. कोकणातील भाविणींमध्ये मुलीचा जो ‘शेज’ नावाचा विधी होई, तो या कलमात बसतो काय, हा प्रश्न 1869 मध्येच मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. म्हणजे ज्याला समाज विधी म्हणे, त्याला गुन्हा म्हणावे काय, हा मूलतः नामकरणाचा वाद होता.

या वादात प्रत्यक्ष मुरळीचा आवाज उमटला तो शिवराम जानबा कांबळे यांच्या ‘सोमवंशीय मित्र’ या पत्रात. हे पत्र पुण्यात 1908 मध्ये निघाले. कांबळे यांनी मुरळ्यांच्या प्रश्नावर लेखन आरंभिल्यावर शिवूबाई नावाच्या मुरळीचे पत्र त्यात प्रसिद्ध झाले आणि पुढे 1909 मध्ये गणपतराव गायकवाड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या पत्राचे महत्त्व सुधारणेपुरते मर्यादित नाही. आजवर जी कर्म होती, ती येथे प्रथमपुरुषी कर्ता झाली. सुधारक मुरळीविषयी बोलत होते. ही स्त्री स्वतःविषयी बोलली. विठ्ठल रामजी शिंदे यांनी 1910 च्या सुमारास मुरळीप्रथेविरुद्ध चळवळ संघटित केली, तिच्या आधीची ही साक्ष आहे.

संस्थानिकाने मनावर घेतल्यास काय होऊ शकते, हे कोल्हापुरात दिसले. शाहू छत्रपतींनी 1920 मध्ये जोगतिणी व मुरळ्या सोडण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा केला, तो मुंबई प्रांताच्या चौदा वर्षे आधी. 1934 च्या प्रांतिक कायद्याने स्त्रीची संमती असो वा नसो, अर्पणविधी बेकायदेशीर ठरविला आणि देवदासीचा विवाह वैध मानला. संमतीचा मुद्दा निरर्थक ठरविणे हे मोठेच पाऊल होते. मात्र बालिका हा स्वतंत्र विषय त्यात नव्हता.

16 जून 1936 रोजी मुंबईत दामोदर हॉलमध्ये डॉ. आंबेडकरांनी मुरळ्या, जोगतिणी आदींपुढे भाषण करून हे जीवन सोडण्याचे आवाहन केले. आता ‘सोडणे’ या क्रियापदाची कर्ती ती स्त्री झाली. परंतु सोडून जावे कोठे, याचे उत्तर एकट्या तिने द्यावे, ही अपेक्षा अन्यायाची ठरली असती. 1975 मध्ये गडहिंग्लज येथे डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने भरलेल्या देवदासी परिषदेने म्हणूनच पुनर्वसनाचा प्रश्न समाजाच्या व शासनाच्या दारी नेला. महाराष्ट्राचा स्वतंत्र निर्मूलन कायदा 2005 मध्ये झाला.

बालकाचे स्वतंत्र नाव कायद्यात ठळकपणे आले ते 2012 च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमाने. त्यात अठरा वर्षांखालील मुलगा व मुलगी दोघेही येतात, गुन्ह्याची माहिती असणाऱ्यावर ती कळविण्याचे बंधन आहे आणि बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. मुलग्यांचा समावेश विशेष महत्त्वाचा होय, कारण तमाशातील नाच्या पोऱ्याविषयी जुन्या कायद्याने कधी विचारच केला नव्हता.

रंजनाचे क्षेत्र आता जागरणापुरते राहिलेले नाही. 2016 च्या दुरुस्तीने चित्रपट, मालिका व जाहिराती यांत बालकलाकारास काम करण्याची सशर्त मुभा दिली. 2017 च्या नियमांनुसार जिल्हादंडाधिकाऱ्याची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांहून अधिक काम देता येत नाही आणि मिळकतीचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे ठेवावा लागतो. म्हसळ्यातील मुलालाही आज हेच नियम लागू आहेत. संस्थानाची जुनी सीमा उरलेली नाही. तरीही नवसाच्या जागी करार आला, तरी मुलाच्या वतीने होकार देणारे बहुधा आईबापच असतात. त्या होकारापलीकडे मुलाला स्वतः बोलता येते काय आणि बोलल्यास त्याचे कोणी ऐकते काय, हीच या क्षेत्रातील प्रत्येक कायद्याची कसोटी होय. शिवूबाईंच्या पत्राने ती शतकापूर्वीच घालून दिली आहे.